गावात लेखनवर्ग घ्यायला निघालात? आधी हे वाचून घ्या

एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात, एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात इंटर्नशिप केली. गावकऱ्यांसाठी लेखनाची कार्यशाळा घेणं हे काम. जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, दर शनिवारी एक अशा १२ बैठकी. पहिल्या दिवशी वाचनालयानं ३० खुर्च्या मांडल्या, हार-नारळ आणला, आणि आले चार जण. त्यातले एक स्वतः ग्रंथपाल. शेवटच्या बैठकीला सतरंजीवर २२ माणसं होती आणि खुर्च्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या.

मधल्या अडीच महिन्यांत जे कळलं ते मला जाण्याआधी कुणी सांगितलं असतं तर पहिले चार शनिवार वाया गेले नसते. विभागात आम्हाला सर्जनशील लेखनाचा पेपर होता, पण तो ज्यांना लेखक व्हायचंय त्यांच्यासाठी होता. गावात तुमच्यासमोर बसलेल्या बाईला लेखक व्हायचं नसतं. ती दिवसभर वावरात राबून, स्वयंपाक आटोपून आलेली असते. तिचा दीड तास कशासाठी घेताय हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

१. कागदपत्रं निघण्याआधीच गोळा करा

- कॉलेजचं किंवा विद्यापीठ विभागाचं पत्र, सही-शिक्क्याच्या तीन मूळ प्रती. एक यजमान संस्थेला, एक ग्रामपंचायतीला, एक स्वतःजवळ.
- यजमान संस्थेचं स्वीकृतिपत्र, त्यांच्या लेटरहेडवर. कामाचं स्वरूप, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख त्यात हवी.
- किती तास भरायचे याचं विभागाकडून लेखी उत्तर. नव्या अभ्यासक्रमात हे काम चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं असतं.
- हजेरीपत्रकाचा नमुना आणि रोजच्या कामाची नोंदवही.
- लेखन छापण्यासाठी आणि फोटोसाठी संमतिपत्रं, मराठीत, अर्ध्या पानाची.
- मुलांसोबत काम असेल तर पालकांचं संमतिपत्र.
- ओळखपत्र आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचा फोन नंबर, लिहून ठेवलेला. फोन बंद पडतो.

ग्रामपंचायतीत पत्र द्यायला जाल तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवक दोघांनाही भेटा. पोलीस पाटलांनाही एकदा सांगून या. गावात नवीन मुलगी किंवा मुलगा रोज घरोघरी फिरतोय, वह्या वाटतोय, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलेलं बरं.

२. बसायची जागा: इथे घाई करू नका

कुठे बसायचं यावरून कोण येणार ते ठरतं. देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली तर बौद्ध वस्तीतून कुणी येणार नाही. विहारात ठेवली तर उरलेल्या गावातले बरेच जण 'कामात आहो' म्हणतील. पाटलांच्या ओसरीवर ठेवली तर बायका येतील, पण बोलणार नाहीत. तोंडावर कुणीच नाही म्हणत नाही, म्हणून हे नवख्या माणसाला दिसत नाही. मला ते तिसऱ्या बैठकीनंतर दिसलं, आणि तेही वाचनालयातल्या एका दादांनी बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा.

जिल्हा परिषद शाळेची खोली, वाचनालय, ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा अंगणवाडी, यातली एक जागा धरा. अंगणवाडी सर्वात चांगली, कारण सगळ्या वस्त्यांची लेकरं तिथे जातात आणि बायकांचे पाय त्या वाटेला सरावलेले असतात. आम्ही वाचनालयातून अंगणवाडीत हललो आणि पुढच्याच शनिवारी आठ नवे चेहरे आले. गावाला लागून तांडा असेल, टोली असेल, तर महिन्यातून एक बैठक तिकडे जाऊन घ्या. त्यांना 'इकडे या' म्हणून बोलावत राहू नका.

दिवा, पाणी आणि जवळ बाथरूम आहे का हे स्वतः जाऊन बघा. चार्जिंगचा दिवा नेहमी जवळ ठेवा. लाइन जाणारच, आणि ती नेमकी कुणीतरी वाचायला उभं राहिलं की जाते.

३. तारखा कॅलेंडरवरून नाही, पिकावरून

पश्चिम विदर्भात कापूस, सोयाबीन, तूर. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण आणि डवरणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, तिथून पुढे जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी, मधेच तूर. वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी डबा घेऊन निघते ती दिवेलागणीला परतते, आणि मजुरी किलोवर असते, म्हणून ती एक तासही सोडू शकत नाही. पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, पावसाळ्यातली रोवणी आणि दिवाळीनंतरची कापणी टाळा. जंगलालगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला घरंच्या घरं जातात.

दुसऱ्या सत्रात जाणाऱ्यांचं नशीब बरं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यातल्या त्यात मोकळा काळ. वेळ रात्री आठ ते साडेनऊ ठेवा. मार्च मध्यावर आला की दुपारचा विचारच सोडा. लग्नसराईच्या तिथी, सप्ताह, यात्रा, १४ एप्रिलची जयंती आणि आठवडी बाजाराचा दिवस आधी विचारून घ्या. आमच्याकडे बाजार शुक्रवारी, म्हणून शनिवार धरला.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. वाचनालयांना त्या दिवशी काहीतरी कार्यक्रम करायचा असतोच. पहिलं जाहीर वाचन त्या दिवशी ठेवा. तोवर चार-पाच बैठकी झालेल्या असतात आणि लोकांना डोळ्यासमोर एक तारीख मिळते.

४. आमंत्रण: पहिल्याच वाक्यात सांगा की ही योजना नाही

फ्लेक्स लावू नका. लावलात तर त्यावर 'सर्जनशील लेखन कार्यशाळा' असं तरी लिहू नका. हे तीन शब्द वाचून दहावी नापास माणूस घरी बसतो, आणि तोच तुम्हाला हवा असतो. 'गोष्टी सांगायला अन् लिहायला बसू' एवढं पुरतं.

बचत गटाच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. उमेद या सरकारी अभियानात बचत गटांचं काम पाहणाऱ्या सीआरपी ताई, आशाताई, अंगणवाडी सेविका, या तिघींपैकी एक जरी तुमच्या बाजूने असली तर गावातलं प्रत्येक घर उघडतं. मग घरोघरी जा. 'मॅडम' म्हणतील, त्यांना 'ताई म्हणा' असं सांगा, आणि तुम्हीही वयाप्रमाणे काकू, मावशी, आजी, दादा, बाबा असंच बोला.

हमखास प्रश्न येईल: "याचे काही पैसे भेटते काय ताई?" २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून झालेत. कागद-पेन घेऊन दारात आलेली बाई म्हणजे योजना, असं कुणालाही वाटणं साहजिक आहे. म्हणून सरळ सांगा: पैसे नाहीत, योजना नाही, खात्यात काही जमा होणार नाही, आधारची झेरॉक्स नको. माझ्याकडून इथे मोठी चूक झाली. एका ओळखीच्या संस्थेनं दिलेल्या हजेरीच्या छापील नमुन्यात आधार क्रमांकाचा रकाना होता आणि मी तो तसाच फिरवला. पुढच्या आठवड्यात दोन आजी तांड्यावरून चालत विचारायला आल्या, की आमचं नाव यादीत लागलं का. त्यांच्यासमोर मान वर करता आली नाही. हजेरीपत्रकावर नाव, सही किंवा अंगठा, बस.

५. पिशवीत काय असावं

- एकरेघी शंभर पानी वह्या, माणसांपेक्षा दहा जास्त. लांब फुलस्केप वह्या नकोत, त्या परीक्षेसारख्या वाटतात.
- निळी बॉलपेनं, मोठा ब्राऊन पेपर, जाड स्केचपेन, चिकटपट्टी.
- आवाज रेकॉर्ड करायला फोन आणि पॉवर बँक.
- सतरंजी. खुर्च्या नकोत.
- जवळचं वाचायचे तयार चष्मे: +१.५, +२ आणि +२.५, प्रत्येकी दोन.

चष्म्यांबद्दल थांबून सांगते, कारण हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. चाळिशी ओलांडलेल्या बायका एकामागून एक म्हणत होत्या, "मले लिवता नाई येत." मी ते निरक्षरता म्हणून नोंदवहीत लिहिलं. मग एका काकूंनी वही हातभर लांब धरून पाहिली, आणि शेजारणीनं आपला चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. काकू सातवी शिकलेल्या होत्या. त्यांनी वीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं, कारण जवळचं अक्षर दिसत नव्हतं आणि चष्मा करायला यवतमाळला जाणं प्रत्येक हंगामात पुढच्या हंगामावर गेलं होतं. पुढच्या शनिवारी सहा चष्मे नेले. 'लिहिता न येणाऱ्यां'तल्या पाच जणी त्या दिवशी लिहू लागल्या.

६. पहिली बैठक: गावात आधीच काय लिहिलेलं आहे?

उद्घाटन, दीपप्रज्वलन, भाषणं, हे यजमान संस्थेला हवंच असेल तर शेवटच्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी भाषण झालं की लोक श्रोते होतात आणि मग त्यांना पुन्हा लिहितं करणं कठीण जातं.

गावाला लिहायला शिकवायला आपण आलो, या समजुतीनं मी गेले होते. तिथे बघितलं तर गाव लिहीतच होतं. भजनी मंडळातल्या बाबांकडे तीस वर्षांची भजनाची वही, पुठ्ठ्याला कापड लावलेली, त्यात तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आणि मधेमधे त्यांनी स्वतः रचलेली. बौद्ध वस्तीतल्या एका दादाची जयंतीसाठी रचलेली गाणी, दहावीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. बचत गटाच्या सचिवांचं रजिस्टर. दुकानातली उधारीची वही. बायकांचे उखाणे, भुलाबाईची गाणी. आणि पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करून म्हणायच्या झडत्या, ज्यात सावकारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो आणि शेवटी महादेवाचा गजर होतो.

म्हणून पहिल्या बैठकीत कुणालाच लिहायला सांगू नका. आधीच्या आठवड्यात घरोघरी जाता तेव्हाच सांगून ठेवा: घरात हातानं लिहिलेलं जे काही असेल ते घेऊन या. जुनं पत्र, भजनाची वही, हिशेब, काहीही. ते मधे मांडा आणि ज्याचं त्याला दोन ओळी वाचायला लावा. वाचता येत नसेल तर शेजारच्यानं वाचावं. आमच्याकडे एका आजींनी त्यांच्या गेलेल्या मालकांची चोपडी आणली होती. त्यात फक्त पावसाच्या तारखा: कोणत्या नक्षत्रात किती दिवस पडला, कधी उघाड, कधी पेरलं, कधी मोडलं. त्यांचा नातू ती वाचत होता आणि खोलीतले म्हातारे पुढच्या ओळीआधीच साल ओळखत होते. त्या दिवशी कुणी एक अक्षर लिहिलं नाही, तरी माझ्या बारा बैठकींतली ती सर्वात चांगली पहिली बैठक ठरली असती, जर ती पाचवी नसती.

७. "आमची भाषा अशुद्ध आहे ताई"

हे वाक्य तुम्हाला दर बैठकीला ऐकू येईल. याचं काय करता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दिवसभर झकास वऱ्हाडीत बोलणारी बाई वही उघडली की शाळेतला निबंध लिहायला लागते. आमच्या गटातल्या एका मावशींना मी त्यांच्या शाळेबद्दल लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं: 'मानवी जीवनात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' मी विचारलं, मावशी, तुम्ही शाळेत गेल्या होत्या का? त्या म्हणाल्या, "माह्या मायनं मले शायेत टाकलंच नाई. लहान्या भावाले घरी कोन पाहीन?" शिकल्या त्या पुढे मोठेपणी, रात्रीच्या साक्षरता वर्गात. मी त्यांचं बोलणं होतं तसं फळ्यावर लिहिलं आणि पहिल्या वाक्याखाली ठेवलं. दोन्ही वाचून दाखवली. मावशी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे असं लिवता येते?"

येतं. आणि विदर्भात बसून ते सांगण्याचा आपल्याला जास्तच अधिकार आहे. मराठी गद्यातला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात ते लीळाचरित्र म्हाइंभटांनी तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सिद्ध केलं. तो ग्रंथ महानुभाव पंथाचा, आणि त्याच परंपरेत नोंद आहे, की केशिराज व्यास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, असं ते म्हणाले. ही हकिकत मी बैठकीत सांगितली तेव्हा मागच्या रांगेतल्या आजी पुढे सरकून बसल्या.

प्रत्यक्षात पाळायचे नियम थोडे आहेत, पण ते मोडू नका. पहिल्या सहा बैठकींत कुणाच्याही वहीवर लाल किंवा निळी, कोणतीच दुरुस्तीची खूण करायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ सांगायचं नाही. 'मले', 'तुले', 'शाया', 'डोया', 'करून राहिली' जसं उच्चारतात तसं लिहू द्यायचं. कुणी विचारलंच की हा शब्द कसा लिहायचा, तर उलट विचारायचं, तुम्ही कसा म्हणता? गावातले शिक्षक पाहुणे म्हणून आले तर त्यांनाही हे आधी सांगून ठेवा. चांगल्या मनानं ते वही हातात घेतात आणि पेन काढतात.

बोली गावागणिक बदलते. पूर्वेला झाडीबोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी आणि माडिया, यवतमाळात कोलामी, तांड्यांवर गोरबोली. यातल्या ज्या भाषा मराठीच्या बोली नाहीत त्या बोलणाऱ्यांना आधी त्यांच्या भाषेत, देवनागरी अक्षरांत लिहू द्या. मराठी अर्थ नंतर, त्यांच्याच तोंडून, समोरच्या पानावर. उलट क्रमानं केलं तर त्यांच्या भाषेतलं पान कोरंच राहतं.

८. अक्षर येत नाही त्यांनी काय करायचं

त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं. एवढंच, पण त्यात फसायला जागा आहे. आपण ऐकता ऐकता वाक्य नीट करून टाकतो. म्हणून त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, घरी जाऊन शब्दाला शब्द उतरवा आणि पुढच्या बैठकीत त्यांनाच वाचून दाखवा. त्या म्हणतील तिथे बदला. एका आजींनी माझं उतरवलेलं ऐकून सांगितलं, "मी असं नाई म्हटलं, तू म्हटलं." खरंच मी घातलेलं वाक्य होतं ते. काढलं. वहीवर नाव त्यांचंच राहील, तुमचं नाव 'लिहून घेतलं' म्हणून खाली, बारीक.

ओव्यांसाठी पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा ध्वनिमुद्रित संग्रह आहे. तयारीसाठी तुम्ही जरूर ऐका. पण त्यातल्या बऱ्याच पश्चिम महाराष्ट्रातल्या आहेत, त्या बैठकीत नमुना म्हणून लावू नका. लावल्या की आजी म्हणतात, आमच्याकडचं असं नाही, आणि गप्प होतात. त्यापेक्षा एखादीला जात्याचा दांडा धरल्यासारखा हात फिरवायला सांगा. ओवी हाताबरोबर येते.

९. आमच्याकडे चाललेले सराव

न पाहिलेल्या माणसाला सांगा. सरगुंडे (कणकेचं एक वाळवण) कसे करायचे ते अशा मुलीला लिहा, जिनं ते कधी पाहिले नाहीत. पहिल्या खेपेला सगळ्यांचं दोन ओळींत आटोपलं. मग एका काकूंना मी म्हटलं, मला खरंच येत नाही, करून दाखवा. त्यांनी हवेतच कणकेची लांब वळी केली आणि काडीवर गुंडाळायला लागल्या. बाकीच्यांना म्हटलं, हात काय करतोय तेवढंच लिहा. त्या दिवशी पानभर मजकूर आला. बोट कुठे ओलं करायचं, वळी कुठे तुटते, उन्हात ठेवल्यावर चिमण्या कशा हाकलायच्या, सासूनं पहिल्यांदा शिकवलं तेव्हा ती काय म्हणाली. पाककृती लिहिता लिहिता माणसं आली.

झडती रचा. पुरुष येत नाहीत ही तक्रार सगळीकडे आहे. त्यांना अंगणवाडीत बोलावण्याऐवजी संध्याकाळी पारावर जाऊन बसा आणि पोळ्याच्या झडत्या विचारा. दहा मिनिटांत स्पर्धा लागते. मग एक नवी झडती सगळ्यांनी मिळून: विषय सोयाबीनचा भाव, नाहीतर रात्री येणारी वावरातली लाइन. यमक जुळवताना आपण लिहितोय याचं कुणाला भानच राहत नाही. माणसांची नावं मात्र नकोत, हे आधीच ठरवा. पोळ्याला चालतं ते छापल्यावर भांडण होतं.

एका वस्तूची गोष्ट, न पाठवलेलं पत्र, आणि 'माझ्या गावात पूर्वी इथे काय होतं' हेही जमले. निसर्गावर कविता हा सराव टाळा. तो दिला की पाठ्यपुस्तकातल्या ओळी परत येतात.

प्रत्येक बैठकीचा बेत साधा ठेवा: पंधरा मिनिटं गप्पा, वीस मिनिटं लिहिणं, उरलेला वेळ वाचणं. वाचून झाल्यावर 'छान' म्हणू नका. तुम्हाला नेमकं काय दिसलं ते सांगा: "ती चिमण्या हाकलायची काठी मला दिसली." ऐकणाऱ्यांनाही तेच करायला शिकवा.

१०. दुःखाचं पान उघडलं तर

'आयुष्यातला सर्वात दुःखाचा प्रसंग लिहा' असा विषय कधीही देऊ नका. हा भाग कोणता आहे हे विसरू नका. तुमच्यासमोरच्या दहा घरांपैकी एखाद्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेलेला असू शकतो, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या गटात एक ताई 'घरातली जुनी वस्तू' या विषयावर लिहायला बसल्या आणि दुसऱ्या ओळीला पेन खाली ठेवलं. मी जवळ जाऊन म्हटलं, लिहा ताई, मोकळं वाटेल. असं म्हणायला नको होतं. पुढचे दोन शनिवार त्या आल्या नाहीत. मग मी घरी गेले, वही न घेता. चहा झाला, म्हशीबद्दल बोललो, लेकीच्या दहावीबद्दल बोललो. नंतर त्या आपणहून आल्या आणि बैलजोडीबद्दल लिहिलं. दुसऱ्या ओळीपाशी जे थांबलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

कुणी लिहिता लिहिता थांबलं तर थांबू द्या. वाचायचं नसेल तर वही मिटून ठेवायची मुभा सगळ्यांना पहिल्याच दिवशी द्या. कुणाच्या लिखाणात किंवा बोलण्यात जीव नकोसा झाल्याचं जाणवलं तर ते साहित्य म्हणून वाचू नका. त्याच दिवशी त्या माणसाशी बोला, आशाताईंना सोबत घ्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून द्या. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही समुपदेशक नाही, पण फोन लावून शेजारी बसू शकता.

११. शाळेत मुलांसोबत घेत असाल तर

वेगळा गट करा. मोठ्यांच्या बैठकीत मुलं बसवली की दोघंही मोकळं लिहीत नाहीत. वर्गात शिक्षक किंवा सेविका हजर असल्याशिवाय बसू नका. कुणाही मुलाला एकट्याला खोलीवर बोलावू नका. फोटो पालकांच्या सहीशिवाय नाही. मुलानं लिखाणातून लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) ते पोलिसांपर्यंत पोहोचवणं ज्याला कळलं त्याच्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापक आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना लगेच कळवा, चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

१२. पुस्तिका

छापील पुस्तिका काढाच, छोटी का होईना. ए-फोर कागद मधून दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. सहा कागदांची २४ पानी पुस्तिका मधे पिना मारून सहज उभी राहते. आमची तशीच होती.

सर्वात मोठा खड्डा फॉन्टचा आहे. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता, आणि तालुक्याच्या डीटीपी दुकानात बहुधा श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात. मजकूर तिकडून इकडे गेला की जोडाक्षरं फुटतात. आमच्या पहिल्या प्रुफात प्रत्येक 'ऱ्हायते' मधला र गायब होता, आणि दुकानदारानं स्वतःच्या मनानं 'मले'चं 'मला' करून टाकलं होतं, तेवीस ठिकाणी. दोन रात्री बसून परत केलं. म्हणून युनिकोडमध्येच पान लावणारं दुकान शोधा किंवा स्वतः लावून पीडीएफ द्या, आणि कागदावर प्रूफ घेतल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका. प्रूफ ज्याचं लिखाण त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

लिखाणाचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो, कार्यशाळेचा, वाचनालयाचा किंवा तुमचा नाही. प्रत्येकाकडून छापायची लेखी संमती घ्या आणि शेवटच्या क्षणी कुणी नाही म्हटलं तर पान काढा. मुखपृष्ठावर पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि आत शुभेच्छा-संदेश, अशी मागणी येईल. मला आली. शुभेच्छांना मागचं आतलं पान दिलं, पुढे लेखकांची नावं ठेवली, तीही वस्तीप्रमाणे नाही तर अकारविल्हे. आयएसबीएनसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या देशात तो क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो, आणि गावच्या पुस्तिकेला त्याची गरजही नाही.

१३. तास, अहवाल, आणि निघणं

१२ बैठकींचे दीड दीड तास धरले तर भरतात फक्त १८. बाकीचे तास घरभेटी, रेकॉर्डिंग उतरवणं, टायपिंग, वाचनालयातलं काम आणि पुस्तिका यांचे असतात. त्यांची नोंद रोज रात्री करा आणि आठवड्याला ग्रंथपालांची सही घ्या. मी पहिला महिना फक्त बैठकी नोंदवल्या आणि मग आठवून आठवून तारखा लावत बसले. अहवालात किती आले यापेक्षा कोण परत आलं ते लिहा.

शेवटच्या बैठकीआधीच पुढच्या बैठकीची तारीख ठरवा, आणि ती घेणारं माणूस गावातलं असू द्या. आमच्याकडे अंगणवाडीच्या मदतनीस काकूंनी ते अंगावर घेतलं: महिन्याचा दुसरा शनिवार, रात्री आठ. सतरंजी, सहा चष्मे आणि उरलेल्या सात वह्या मी वाचनालयाच्या रजिस्टरात त्यांच्या नावावर लिहिल्या, त्यांची सही घेतली, आणि दुपारच्या एसटीनं परत आले.